तुटक रेषेतला माणूस

शोध लायमन ॲस्क्यू लावायचा.
टोलेडोत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत,
वाफेनं भिंतींचे पोपडे निघालेले,
एका कानाला हेडफोन, दुसरा मोकळा,
बायकोनं जेवायला हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.
बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.
मी फक्त चित्रं काढायचे.

पेटंट ऑफिसला रेषा लागतात.
काळी शाई, पांढरा जाड कागद,
समास अमुकच, अंक अमुकच उंच.
१० म्हणजे डबी. १२ तिची क्लिप.
१४ एरियल, पेराएवढ्या गुंडाळीत कोंबलेलं.
२२ ती थरथरणारी पट्टी
जिच्यातून टिटवीसारखा आवाज यायचा, मध्यरात्रीसुद्धा.

"पिरोश्का," लायमन म्हणायचा,
"एका डॉक्टरला उठवायला गावभर भोंगा वाजवायचा?
हाक ज्याची त्यालाच ऐकू आली पाहिजे."
"आणि ओ?" मी विचारलं.
"ओ द्यायला बॅटरी फार लागते.
ओचं पुढच्या अर्जात बघू."

आकृती तीनमध्ये कमरेला डबी लावलेला
एक माणूस हवा होता. कुणीही चालला असता.
मी गेझाला काढलं.
माझा धाकटा भाऊ. डावा खांदा किंचित उतरता,
कोटाचं मधलं बटण कायम उघडं.
छप्पन्नच्या नोव्हेंबरात सरहद्दीकडे निघाला,
पोचल्याची चिठ्ठी नाही, न पोचल्याचीही नाही.
तिकडे शोप्रोनला आई रात्री पांघरुणात रेडिओ घेऊन
निर्वासितांचे निरोप ऐकायची, टोपणनावांनी सांगितलेले:
निळी बरणी सुखरूप आहे. सुताराचा थोरला पोचला.
मध्येच खरखर सोडायचे सरकारी लोक
आणि त्या खरखरीत
ती तासभर एकच नाव ऐकायची.

अकरा महिन्यांनी वॉशिंग्टनहून पत्र आलं.
"आकृती ३ मधील व्यक्ती सलग रेषेत दाखवली आहे.
व्यक्ती शोधाचा भाग नाही.
कृपया तुटक रेषेत दाखवावी."

बरोबरच होतं. चूक माझी.
ज्यावर आपला हक्क नाही ते तुटक काढायचं,
हे मला कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

रेझर ब्लेड मोडून टोक काढलं.
वाळलेली शाई खरवडत गेले, धावदोऱ्यासारखी,
टाक्याएवढी रेघ, टाक्याएवढी फट.
आधी टोपी. मग तो खांदा.
हनुवटीपाशी हात थांबला.
लायमन केव्हाचा मागे येऊन उभा होता,
त्यानं हेडफोन काढला
आणि दोन्ही कान मोकळे ठेवून तसाच उभा राहिला.
खाली कपडे पिळायचं यंत्र घरघरत होतं.

संध्याकाळपर्यंत डबी तेवढी सलग उरली,
१०, १२, १४, २२,
हवेत टांगल्यासारखी.

पुढचा अर्ज ओचा नव्हता. दारांचा होता.
चौकटीत लोहचुंबक, दार हललं की घंटा.
चोरांसाठी, असं आम्ही लिहिलं.
मी दार काढलं, बोटभर किलकिलं,
आणि विचारलं, बाहेर कुणाला काढू?
"कुणालाच नको. घंटेला काय कळतंय
कोण आलं ते."
तरी मी उंबऱ्याशी एक बारीक तुटक रेघ ठेवली,
बुटाच्या टोकाएवढी.
क्रमांक दिला नाही.
तिच्यावर कुणी हरकत घेतली नाही.

पेटंट सतरा वर्षांनी संपतं.
मग कुणीही ती वस्तू बनवावी, विकावी.
म्हणजे डबीसुद्धा आता तुटकच काढायची.
लायमन नाही. लाँड्रीच्या जागी पार्किंग आहे.
ओचं कुणीतरी दुसऱ्यानंच केलं म्हणतात.

काल हॉस्पिटलात गुडघा दाखवायला गेले,
तर एका तरुण डॉक्टरच्या कमरेला २२ वाजली.
माझं बोलणं अर्ध्यात सोडून तो धावला.
त्याचं मधलं बटण
बघायचं राहूनच गेलं.